वसंतातील रानफुले आणि संथ वाटचाल

(प्राथमिक शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या शिबिरात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणापुढे ‘वनभ्रमण’ असा शब्द छापला आहे. शब्द भारदस्त आहे, पण तो ऐकला की पायांत बूट, पाठीवर पिशवी आणि शिखर गाठण्याची ईर्ष्या असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. मी ज्या वाटचालीविषयी बोलणार आहे, तिच्यात तीन तासांत दोन किलोमीटर अंतरसुद्धा पुरते कापले जात नाही. शिखर तर तिच्या वाटेवर नाहीच. फाल्गुनाच्या उत्तरार्धात आणि चैत्रात महाबळेश्वरच्या रानातून रानफुले पाहत, माहीतगार माणसाच्या मागून, अगदी हळू चालणे, एवढाच तिचा आशय आहे.

हे शहाणपण मला आरंभापासून होते असे समजू नका. २०१४ च्या मार्चमध्ये मी शाळेतील बेचाळीस मुले आणि चार सहकारी शिक्षक घेऊन क्षेत्र महाबळेश्वरापासून ऑर्थर सीटपर्यंत गेलो आणि परत आलो. जाऊन-येऊन बारा-तेरा किलोमीटरांची मजल झाली. मी हातात शिट्टी घेऊन पुढे, मुले दोन-दोनच्या रांगेत मागे. दुपारी एकच्या आत आम्ही परतलो आणि वेळापत्रक तंतोतंत पाळल्याचा मला अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी ‘मी काल काय पाहिले’ या विषयावर मुलांकडून निबंध लिहून घेतले. बहुतेकांनी माकडे, दरी आणि लिंबाचे सरबत यांविषयी लिहिले होते. चौथीतल्या एका मुलीने मात्र प्रामाणिकपणे लिहिले होते, ‘मी गुरुजींची पाठ पाहिली.’ ते वाक्य वाचून मी काही वेळ वही मिटून बसलो. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्या आठवड्यात अंजनी फुलली होती, आणि बेचाळिसांपैकी एकाही वहीत अंजनीचे नाव नव्हते.

पुढच्या वर्षी मी जवळच्या वाडीतील एका आजींना वाट दाखविण्याची विनंती केली. हिरडा, करवंदे आणि मध यांच्या निमित्ताने त्यांचे सारे आयुष्य त्या रानात गेलेले. वय सत्तरीच्या पुढे, उजवा गुडघा धरलेला. त्या दहा पावले चालत आणि थांबत. प्रथम मला वाटले, गुडघ्यामुळे थांबतात. मी घड्याळाकडे पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, “गुरुजी, घाई कशापायी? झाडं कुटं पळून चालल्यात व्हय?” थांबण्याचे प्रत्येक ठिकाण ठरलेले होते, हे माझ्या उशिरा ध्यानी आले. त्या जेथे थांबत तेथे काही ना काही फुललेले असे.

आता वसंताविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कारण पाठ्यपुस्तकातील वसंत आणि आपल्या डोंगरातील वसंत यांच्यात मुलांचा नेहमी गोंधळ होतो. अमेरिकेतील ग्रेट स्मोकी पर्वतराजीत १९५१ पासून दर वसंतात रानफुलांच्या वार्षिक फेऱ्या निघतात. जाणकार मार्गदर्शकांबरोबर लहान लहान गटांनी चालण्याची ही परंपरा सत्तर वर्षांहून जुनी आहे. तिथली वसंतातली फुले जमिनीलगत उमलतात. हिवाळ्यात निष्पर्ण झालेल्या वृक्षांना पालवी फुटून छाया दाटण्याच्या आत, जमिनीवर ऊन पोहोचते आहे तोवरच, त्या इवल्या वनस्पतींना आपला फुलोरा उरकून घ्यावा लागतो. म्हणून तिकडचा पदभ्रमण करणारा खाली पाहत चालतो.

आपल्याकडे नेमके उलट आहे. सह्याद्रीत जमिनीवरची फुले पावसाची वाट पाहतात. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे ही सारी मंडळी श्रावण-भाद्रपदात येतात आणि कासच्या पठारावर त्यांना पाहण्यासाठी किती गर्दी लोटते, हे सातारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना मी सांगावयास नको. वसंतात जमीन कोरडी, गवत पिवळे. अशा वेळी फुलतात ते वृक्ष, झुडपे आणि वेली. ज्यांची मुळे खोल ओलीपर्यंत पोहोचलेली असतात. पळस, पांगारा, काटेसावर यांनी पाने टाकून दिलेली असतात, त्यामुळे लाल-केशरी फुले दुरूनही पाखरांना दिसतात. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर आणि परदेशातून आलेल्या भोरड्या यांची तेथे झुंबड उडते, आणि परागीकरणाचे काम परस्पर पार पडते. या ऋतूत फुलणाऱ्या कित्येक झाडांचे बी पावसाच्या तोंडाशी पिकून ओल्या मातीत पडते. उन्हाळ्यात फुलणे ही त्यांची चैन नव्हे, हिशेब आहे. म्हणून आपला वसंत पाहणाऱ्याने मान वर करावी, मग समोर पाहावे आणि सर्वांत शेवटी पायांखाली गळून पडलेले पाहावे.

वाईहून पसरणीचा घाट चढू लागले की वसंत पायरीपायरीने वर चढताना दिसतो. वाई सुमारे सातशे मीटर उंचीवर, तर महाबळेश्वर सुमारे तेराशे सत्तर मीटरवर. हजार मीटर चढले की उष्णतामान सहा अंशांच्या आसपास उतरते. म्हणून एकाच जातीचे झाड खाली फुलून ओसरले तरी वर अजून कळ्या धरून असते. पावसाचेही तसेच. महाबळेश्वरी वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून जेमतेम एकोणीस किलोमीटरांवरच्या पाचगणीला त्याचा सुमारे तिसरा हिस्साच. त्यामुळे पाचगणीपाशी पानगळीची झाडे आणि महाबळेश्वरी सदाहरित रान, असा फरक एस. टी.च्या खिडकीतूनसुद्धा ओळखता येतो. भूगोलाचा पाठ याहून स्वस्तात शिकविता येईल असे मला वाटत नाही.

महाबळेश्वरच्या रानात अंजनी, जांभूळ आणि पिसा ही तीन झाडे प्रमुख. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या वनप्रकाराला नावच मुळी या तिघांवरून दिले आहे. त्यांच्या जोडीला हिरडा, गेळा आणि इतर कितीतरी. हे रान उंच नाही. वाऱ्याने आणि पातळ मातीने त्याची वाढ खुंटविली आहे, म्हणून फुले हाताच्या अंतरावर असतात. मुलांच्या दृष्टीने ही मोठीच सोय.

अंजनीविषयी मी जरा सविस्तर सांगतो. एरवी हे झाड कोणाच्या नजरेत भरत नाही. चिवट खोड, गडद चकचकीत पाने, एवढेच त्याचे रूप. मार्च-एप्रिलमध्ये मात्र एके दिवशी त्याच्या डहाळ्यांवर, पाने जेथून फुटतात त्या सांध्यांपाशी, निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके चिकटून बसतात. फुले टोकाला नसून फांदीच्या अंगालाच लगडलेली असल्याने, कोणीतरी रात्री येऊन फांद्यांना निळा दोरा गुंडाळून गेले असावे असे दिसते. हा रंग आपल्या रानात दुर्मीळ आहे. पांढरे, पिवळे, तांबडे पुष्कळ, पण एवढ्या प्रमाणावर निळे नाही. हा बहर काही दिवसच टिकतो. नंतर झाडाखालची जमीन निळसर होते आणि तीही दोन दिवसांत तपकिरी पडते. ज्यांच्याजवळ शनिवार-रविवारच आहे अशा प्रवाशाला अंजनी भेटेलच असे नाही. वाडीतल्या माणसाला मात्र ती चुकत नाही. आजी आदल्या आठवड्यातच सांगत, “कळी टपोरली हाय, येत्या बाजाराच्या आत फुलंल.” त्यांचा अंदाज मी तीन वर्षे पडताळून पाहिला. एकदाच चार दिवसांनी चुकला, तेही मध्येच वळीव पडल्यामुळे.

जांभळीचा बहर डोळ्यांपेक्षा कानांना आधी कळतो. झाडाखाली उभे राहिले की वर एकसारखी गुणगुण चाललेली असते. जांभळीच्या फुलाच्या पाकळ्या टोपीसारख्या एकत्र गळून पडतात आणि उरतो तो नुसता पांढऱ्या केसरांचा गोंडा. सातेरी आणि आग्या, दोन्ही माश्या त्यावर तुटून पडतात. महाबळेश्वर परिसरातील मधाच्या धंद्याचा पाया ही जांभळीची आणि हिरड्याची फुले, आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी. २०२२ मध्ये याच तालुक्यातील मांघर हे गाव देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले, हे आपण वाचले असेल. रानफूल ही केवळ शोभेची वस्तू नसून गावाच्या अर्थव्यवहारात तिला जागा आहे, हे पंचायत सदस्यांना पटविण्यासाठी मी नेहमी मांघरचे नाव घेतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. ज्या कड्याला किंवा झाडाला आग्या मोहोळ असेल तेथून गट लांबून न्यावा. अत्तर, धूर आणि आरडाओरडा ही तीन पथ्ये कडक पाळावीत. एका सहलीत विडी पेटविणाऱ्या गृहस्थांना सर्वांनी मिळून परत पाठविले, आणि मला त्याचा खेद नाही.

करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या असतात. कुसर, म्हणजे रानजाई, झुडपांवर चढून सुगंध पसरते. उतारावर धायटीच्या लांबट तांबड्या फुलांतला मध मुले चोखतात. हीच ती आयुर्वेदातील धातकी, जिची फुले आसव-अरिष्टे आंबविण्यास वापरतात. गेळा वळिवाच्या पहिल्या सरीनंतर फुलतो. त्याचे फूल पांढरे उमलते आणि पिवळे होऊन गळते, त्यामुळे एकाच झाडावर दोन रंगांची फुले दिसतात. मुले हटकून विचारतात, ही दोन झाडे आहेत का? उत्तर लगेच देऊ नये. एका कळीच्या देठाला सुताचा धागा बांधून दोन दिवसांनी पुन्हा यावे. जुन्या झाडांच्या खोडांवर आमरीची पांढरी फुले असतात. तिच्या कांड्यांवर त्या वेळी पानेही नसतात, म्हणून वाळलेली काटकी समजून पोरे ती ओढून काढतात. तेवढे मात्र तत्काळ थांबवावे. उतारावरच्या कुंभ्याची फुले रात्री उमलतात. सकाळी लवकर गेल्यास झाडाखाली केसरांचा सडा दिसतो आणि नऊनंतर तो कोमेजून जातो. सकाळी साडेसहाला निघण्याचा माझा आग्रह शिस्तीपोटी नाही, कुंभ्यापोटी आहे.

आता जो विषय टाळता येणार नाही त्याकडे वळतो. २०१७ च्या चैत्रात आम्ही नेहमीच्या वाटेवर गेलो तेव्हा तिसऱ्या थांब्याच्या पलीकडचा सारा उतार काळा पडलेला होता. वणवा चार दिवसांपूर्वी लागून गेला होता. गवत जाळले की पुढच्या पावसात चारा चांगला येतो, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. ती अगदीच निराधार आहे असे म्हणून गुराख्याला मूर्ख ठरविण्यात अर्थ नाही. जळालेल्या जागी कोवळे गवत लवकर फुटते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. जमिनीत कंद असलेल्या वनस्पती आणि जाड सालीची पळस-कुंभ्यासारखी झाडेही बहुधा वाचतात. पण आग गवताच्या सीमेवर थांबत नाही. खोडावरची आमरी, अंजनीची रोपे, पोकळीतली सातेरीची पोळी, जमिनीवर घरटे करणारी पाखरे यांना पळता येत नाही. कारवी फुलून गेली की तिची बोंडे पुढच्या पावसाच्या तोंडाशी तडकून बी उधळतात. त्याच उन्हाळ्यात वणवा लागला तर सात-आठ वर्षांची साठवण एका दुपारी राख होते. त्या दिवशी आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग एका जळक्या बुंध्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ही माजी अंजनी. हिच्याखाली मी पोरीला झोळीत टांगून हिरडा येचायची.” माझ्याबरोबर त्या वर्षी दोन पंचायत सदस्य होते. जाळरेषा पौषातच काढून घेण्याचा आणि वणव्याची वर्दी वनविभागास देण्यासाठी वाडीवार दोन तरुण नेमण्याचा ठराव पुढच्या ग्रामसभेत झाला. तो भाषणामुळे झाला नाही, त्या बुंध्यापाशी उभे राहिल्यामुळे झाला असे मी मानतो. त्यानंतर त्या उतारावर वणवा लागलाच नाही असे नाही. २०२१ मध्ये पुन्हा लागला, पण रेषेच्या अलीकडेच अडला.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची आहे, आणि ती येथे बसलेल्या ग्रामसेवकांना थोडी बोचेल. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली, तेव्हा सर्वत्र एकच धावपळ उडाली. त्या धावपळीत तयार झालेली एका पंचायतीची नोंदवही माझ्या पाहण्यात आली. बांधणी सुबक, छपाई स्वच्छ. पण डोंगरमाथ्यावरच्या त्या गावाच्या वनस्पतींत नारळ आणि सुपारी होती, आणि अंजनी नव्हती. ‘फुलोऱ्याचा काळ’ या रकान्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आडव्या रेघा होत्या. ज्यांना त्या रेघांच्या जागी काय लिहावे हे तोंडपाठ होते, त्या आजी कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर राहत होत्या. त्यांना कोणी विचारले नव्हते. दोष एका माणसाचा नव्हता; मुदत जवळ आली आणि रान लांब राहिले.

संथ फेरीचा उपयोग येथे होतो. आम्ही २०२२ पासून फेरीत एक कोरी वही ठेवू लागलो. प्रत्येक थांब्यावर एक मूल लिहिते : तिथी, तारीख, झाडाचे वाडीतले नाव, कळी-फूल-फळ यांपैकी अवस्था, त्यावर आलेली माशी वा पाखरू, आणि सांगणाऱ्याचे नाव. शास्त्रीय नाव मागाहून जाणकाराकडून पडताळून लिहावे. अंदाजाने मुळीच लिहू नये. माझ्याच हातून पिसा आणि दुसऱ्याच एका झाडाची अदलाबदल झाली होती. ती चूक वहीत तशीच खोडून ठेवली आहे, पान फाडलेले नाही. तीन वसंतांच्या नोंदी जमल्यावर समितीने त्या अधिकृत नोंदवहीस जोडून घेतल्या. हे काम पूर्वी परक्या विद्वानांनीही केले. जॉन ग्रॅहम यांची मुंबई इलाख्यातील वनस्पतींची यादी १८३९ ची, डॅलझेल आणि गिब्सन यांचा ग्रंथ १८६१ चा, आणि थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळातला. त्यांची थोरवी कमी न करता एवढेच म्हणावेसे वाटते की, त्यांच्यापुढे वाट दाखवीत चाललेली माणसे आपल्याच वाड्यांतली असली पाहिजेत, आणि ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर त्यांची नावे नाहीत. आपल्या वहीत सांगणाऱ्याच्या नावाचा रकाना मी आग्रहाने ठेवला आहे तो त्यामुळे.

ज्यांना आपल्या गावी अशी फेरी सुरू करावयाची आहे त्यांनी काही व्यावहारिक गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गट बारांहून मोठा नसावा. तेराव्या माणसाला वाटाड्याचे बोलणे ऐकू जात नाही. राखीव वनात जाण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे, आणि नवीन पायवाट पाडण्याची गरज कोठेच नाही. गुरांच्या वाटा पुरेशा आहेत. फूल तोडू नये. गळलेले उचलावे, भिंगाखाली पाहावे आणि तेथेच ठेवावे. सर्वांत मंद चालणारा सर्वांच्या पुढे असावा, हा नियम आम्ही आजींच्या गुडघ्यामुळे शिकलो आणि तो आजतागायत पाळतो. वाटाड्याला मानधन द्यावे आणि ते फेरी संपताच त्याच्या हातावर ठेवावे. शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याची आपली रीत चांगली आहे, परंतु ज्याचा दिवसाचा रोज बुडतो त्याला श्रीफळ पुरत नाही. हा खर्च कोणत्या शीर्षाखाली घालावा असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझे उत्तर असे की, समितीच्या निधीतून घालता येतो की नाही हे गटविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत फेरी थांबवू नये.

आजी आता फेरीला येत नाहीत. दारातल्या ओट्यावर बसून असतात. त्यांची नात पुढे चालते. ती कृषी पदविकेचे शिक्षण घेते आहे आणि झाडांची दोन्ही नावे सांगते. थांबे मात्र तिने बदललेले नाहीत. फेरी संपली की गट प्रथम ओट्यापाशी जातो आणि वहीतील त्या दिवशीचे पान आजींना वाचून दाखवितो. गेल्या खेपेस सातव्या थांब्यावर कुसर कळीत असल्याची नोंद ऐकून त्या म्हणाल्या, “सातव्याला कुसर नाय, ती आठव्याला. पोरं मोजायला चुकली.” दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले. आठव्यालाच होती.

पुढील फेरी मार्चच्या शेवटच्या रविवारी आहे. शिबिरातील ज्यांना यावयाचे असेल त्यांनी नावे माझ्याकडे द्यावीत; बारा जागा आहेत, त्यांतील पाच भरल्या. क्षेत्र महाबळेश्वराच्या एस. टी. थांब्यापाशी सकाळी साडेसहाला जमावे. पिण्याचे पाणी आणि एक पेन्सिल सोबत असावी. शिट्टी मी आणणार नाही.